खुंटीवरचा शर्ट

१

विनिता तेंडोलकरला कुणी कधी फसवलं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या नालासोपाऱ्यात सापडला नसता. भाजीवालीपासून फर्निचरवाल्यापर्यंत सगळे तिला वचकून असत. परळची खोली विकून तिने आणि जयवंतने गासच्या बाजूला फ्लॅट घेतला, तोसुद्धा तिनेच बिल्डरच्या ऑफिसात तीन तास ठिय्या देऊन, खिडक्यांच्या ग्रिलसकट. बिल्डरने शेवटी हात जोडले म्हणे. इमारतीचं नाव ‘समुद्रदर्शन’. समुद्र सोडून बाकी सगळं दिसायचं. मागे खाऱ्या पाण्याचं खाजण, पुढे केळीच्या वाड्या, आणि रस्त्यावर पाण्याचे टँकर.

पाण्याचं तर विचारूच नका. ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, तेही पाऊण तास. त्यामुळे ज्या घरात भरून ठेवायला जेवढं मोठं भांडं, तेवढी त्या घरच्या बाईची ऐट. विनिताकडे दोन हंडे, चार कळशा आणि प्लॅस्टिकच्या बादल्या. शेजारच्या रिटाकडे मात्र माहेरून आलेलं तांब्याचं भलंमोठं भांडं होतं, आणि ते विनिताला रोज डोळ्यांत खुपायचं.

एका गुरुवारी दुपारी अडीच वाजता दाराची बेल वाजली. पुरुषमाणसं सकाळीच कामावर गेलेली, शाळकरी पोरं जेवून झोपलेली. अशा वेळी इमारत इतकी गप्प असते की तळमजल्यावर कुणी चमचा पाडला तरी तिसऱ्या मजल्यावर कळावं. विनिताने दार उघडलं. बाहेर बोहारीण.

जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी विनिताला नव्या नव्हत्या. त्या जोडीने यायच्या, खालूनच हाळी द्यायच्या, आल्या की पाणी मागायच्या, साडी उजेडात धरून भोकं शोधायच्या आणि भांडभांड भांडायच्या. ही एकटीच होती. हाळी नाही, काही नाही. डोक्यावर कमरेएवढं स्टीलचं पिंप, खाली तोटी, वर घट्ट झाकण. तीन मजले चढून आली होती आणि तिला धाप लागली नव्हती.

विनिताचा जीव त्या पिंपावर बसला. पण चेहऱ्यावर दाखवेल तर ती विनिता कसली!

“काय घेशील?” तिने जांभई देत विचारलं.

“दोन जरीच्या साड्या. तीन पँटी.”

“अगं बाई! सोन्याचं आहे का पिंप? एक साडी, एक पँट.”

“दोन साड्या, एक पँट.”

“चल, हो पुढे. एक शर्ट देते. पटलं तर घे, नाहीतर वाट धर.”

हा नुसता खडा टाकून पाहिला होता. एका शर्टावर साधं पातेलं मिळत नाही. बोहारीण चिडेल, पुन्हा भाव चढवेल आणि मग मधेच कुठेतरी सौदा होईल, हा विनिताचा नेहमीचा हिशेब. पण ती बाई चिडली नाही. विनिताच्या खांद्यावरून तिने आत, समोरच्या भिंतीवरच्या खुंटीकडे पाहिलं.

“बरं. एकच दे,” ती म्हणाली. “पण तो.”

खुंटीवर जयवंतचा पिवळसर शर्ट होता, तपकिरी रेघांचा. कालच घातलेला. पाण्याचा वार उद्या, म्हणून धुवायचा राहिलेला.

“तो मळका आहे. धुतलेला देते दुसरा.”

“धुतलेला नको. तसाच दे.”

विनिताने पुन्हा विचार केला नाही. बाईचं मन फिरायच्या आत तिने शर्ट काढून दिला. बोहारणीने ना भोकं पाहिली, ना गुंड्या मोजल्या. बाजारात खरबूज नाकाला लावून बघतात तसा तिने तो शर्ट नाकाला लावला, सावकाश श्वास घेतला, आणि जिना उतरून गेली. तिच्या पावलांचा आवाज विनिताने ऐकला का, हे नंतर तिला आठवेना. पिंप घरात कुठे ठेवायचं, ह्याच विचारात ती होती.

२

जयवंत संध्याकाळी यायचा तो दारापाशी दोनदा खाकरायचा, मग कुलपात किल्ली घालायचा. खाकरलेलं ऐकू आलं की विनिता चहाचं आधण ठेवायची. नऊ वर्षांचा संसार, दोघांचाच. बेल वाजवायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही.

“माझा आवडता शर्ट दिलास?” तो म्हणाला. “आणि न धुतलेला? शी! काय म्हणाली असेल ती!”

“काही नाही म्हणाली. तिला तोच हवा होता.”

“माझ्या घामाला एवढा भाव आहे हे आधी माहीत असतं तर नोकरी कशाला केली असती गं?”

दोघं खूप हसली. रिटा येऊन पिंप पाहून गेली, झाकण दोनदा उघडून बंद केलं आणि घरी गेली. विनिताला त्या रात्री गाढ झोप लागली.

पुढच्या गुरुवारी बोहारीण परत आली. जयवंतचा ओला टॉवेल घेतला, पाच डब्यांचा सेट दिला. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याच्या गंजीवर परात आणि मग पँटवर पोळ्यांचा डबा. विनिताची साडी तिने एकदाही मागितली नाही. विनिताने एकदा मुद्दाम धुतलेली, इस्त्री केलेली पँट पुढे केली. ती बाईने बोटाने बाजूला सारली.

एक गोष्ट तेवढी खटकण्यासारखी होती. बाकीच्या बोहारणींच्या पाठीवर कपड्यांचं गाठोडं असतं आणि दुपारभरात ते फुगत जातं. हिचं गाठोडं लहानसंच राहिलं. विनिताने मनात म्हटलं, माझं घर पहिलं लागत असेल.

३

मार्था गासहून भाजी घेऊन यायची. लाल साडी, डोक्यावर पाटी, तोंड सतत चालू.

“परवा पाचूबंदरला गेलते सुकट आनायला,” ती वालाच्या शेंगा मोजत म्हणाली. “तुझा घरवाला दिसला. हाक मारली, त्यानं बगितलं पन नाय.”

“परवा? परवा ते कामावर होते.”

“पिवला शर्ट, रेघावाला. मी काय आंधली हाय?”

विनिताला हसूच आलं. साधी गोष्ट होती. बोहारणीने शर्ट जुन्या बाजारात विकला, पाचूबंदरच्या कुणा कोळ्याने घेतला. त्यात काय एवढं! पण मार्था गेल्यावर ती कितीतरी वेळ शेंगा न सोलता बसून राहिली. हाक मारली म्हणजे मार्थाने तोंड पाहिलं असणार ना?

आठ दिवसांनी मार्थालाच तो गासच्या फाट्यावर दिसला. मग वॉचमनने विचारलं, “साहेब आज दुपारीच आले काय? गेटपाशी उभे होते, आत या म्हटलं तर आले नाहीत.” आणि पुढच्या सोमवारी, दुपारचे तीन वाजायला आलेले असताना, रिटाने दार ठोठावलं.

“जयवंतभाऊंना बरं नाही का? जिन्यात बसलेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे. पायात चप्पल नाही.”

विनिता धावली. जिन्यात कुणी नव्हतं. पायरीवर ओल होती, कुणीतरी बादली नेताना सांडावी तशी. पाण्याचा वार मात्र अजून दोन दिवसांनी होता.

घरात येऊन तिने पिंपाचं झाकण उघडलं. सकाळपर्यंत काठोकाठ असलेलं पिंप निम्म्यावर आलं होतं. तोटी गळते म्हणून तिने खाली वाटी ठेवली होती. वाटी कोरडी.

ह्या सगळ्यापेक्षा तिला भीती वाटत होती ती घरात राहणाऱ्या जयवंतची. तो खाकरेनासा झाला होता. खिशात किल्ली असून बेल वाजवायचा, दार उघडलं तरी उंबऱ्याबाहेर उभा राहायचा.

“अहो, या ना आत. उभे काय राहिलात?” असं म्हटल्यावरच तो यायचा.

आमटीत मीठ राहिलं तरी त्याला कळायचं नाही. डॉक्टरने तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाला, टॉनिक दिलं. एका सकाळी तो कामावर गेल्यावर विनिताने त्याच्या उशीचा अभ्रा नाकाशी धरला. नऊ वर्षांचा ओळखीचा वास. तेल, घाम, थोडा तंबाखू. त्यातलं काहीच नव्हतं. दुकानातून आणलेल्या कापडाला सुद्धा काहीतरी वास येतो. ती पलंगावर बसली आणि रडली.

४

नाव सापडलं ते पिंप घासताना. नवं भांडं घेतलं की आपण त्यावर नाव घालून घेतो. ह्या पिंपाच्या बुडाशी कुणीतरी नाव घासून काढलं होतं, पण खिडकीतून तिरकं ऊन पडलं तशी ठिपक्यांची अक्षरं वर आली. ‘सौ. सत्यवती हरेश्वर म्हात्रे, वटार.’

दुसऱ्याच दिवशी सकाळी विनिता एसटीने वटारला गेली. घर विचारत विचारत पोचली. वाडीत शिरताच गारवा लागला. ओटीवर एक पन्नाशीची बाई वाल निवडत बसली होती. सकाळचे अकरा वाजलेले, तरी तिच्या मागचं दार बंद होतं.

“तुमचं पिंप माझ्याकडे आलंय,” विनिता म्हणाली.

सत्यवतीचे हात थांबले.

“काय काय दिलंस?”

“शर्ट. मग टॉवेल, गंजी, पँट.”

“कुठवर आलाय?”

“जिन्यात,” विनिता म्हणाली.

बंद दारामागे पुरुषाचं खोकणं ऐकू आलं. भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज. मग परत ओतल्याचा.

“मालक घरात आहेत का?”

“हायत. जेवतायत.”

तेवढ्यात केळीमधे काहीतरी हललं. एक वाळलेला माणूस विहिरीकडून आला, कमरेला फक्त पंचा, आणि अंगणाच्या कडेला येऊन थांबला. अंगणात पाऊल टाकलं नाही. सत्यवतीने सुपाखालची झाकलेली थाळी उचलली, कडेला नेऊन ठेवली आणि त्याच्याकडे न बघता परत येऊन बसली. माणूस थाळीपुढे उकिडवा बसला. त्याने एकदा बंद दाराकडे पाहिलं.

“हे कोण?” विनिताने विचारलं.

“हा जुना,” सत्यवती म्हणाली.

मग ती भराभर बोलायला लागली, कित्येक वर्षं कुणाशी बोलली नसावी अशी. “आतला चांगला हाय. काम करतो. वरडत नाय, पीत नाय. गावात कोनाला कललं नाय. फक्त पानी लय लागतं त्याला. मी भांडी परत दिली तिला, सगली. तिने घेतली. कपडे नाय दिले. बोलली, कपडे वापरात हायत.”

“मग तिला काय हवं होतं?”

सत्यवतीने पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च ओढून घेतला.

“इचारलं तिने,” ती हळू म्हणाली. “मी दिलं नाय. मला भ्या वाटलं.”

अंगणाच्या कडेचा माणूस जेवत होता. तोंडात घास घालून तो थांबायचा, आठवल्यासारखं करायचा आणि मग चावायचा. जयवंत गेल्या आठवड्यात अगदी असाच जेवला होता, हे विनिताला तिथे उभ्या उभ्या आठवलं. ती मागे न बघता रस्त्यापर्यंत पळाली.

५

गुरुवारी सकाळपासून तिने सगळी भांडी दाराशी मांडून ठेवली. पिंप, परात, डबे, झाकणं मोजून. अडीचला बेल वाजली.

“घेऊन जा,” विनिता म्हणाली. “मला नको. माझ्या नवऱ्याचे कपडे दे.”

“कपडे वापरात हायत.”

“हे बघ, मी आणखी देते. माझी तांब्याची कळशी देते. दोन पैठण्या आहेत, लग्नातल्या. बांगड्या देते.” तिचा आवाज चिरकला. “सांग ना काय पाहिजे ते!”

बोहारीण उंबऱ्याबाहेर उभी होती. खालच्या जिन्यात, आठ-दहा पायऱ्यांवर, कुणीतरी दोनदा खाकरलं. जयवंतचंच खाकरणं. विनिताला ते ऐकून क्षणभर आनंद झाला, ह्याची तिला नंतर फार लाज वाटली. तिने कठड्यावरून वाकून पाहिलं नाही. पायऱ्यांवर टेकलेली दोन अनवाणी पावलं आणि पँटची कड तेवढी दिसली. ती पँट तिनेच उसवून लांब केली होती.

“ही दे,” बोहारीण म्हणाली, आणि तिने विनिताच्या अंगावरच्या साडीकडे बोट केलं.

साधी हिरवी सुती साडी. सकाळपासून नेसलेली, ओट्याच्या कामाने ओली झालेली, पदराला हळदीचा डाग.

सत्यवतीचा ओढलेला पदर विनिताला आठवला. काय होईल ते तिला नीट ठाऊक नव्हतं आणि पुरतं ठाऊकही होतं. आतल्या पलंगावरची बिनवासाची उशी तिच्या डोळ्यांपुढे आली. आयुष्यात पहिल्यांदा तिने घासाघीस केली नाही. ती आत गेली, गाऊन अंगात घातला आणि साडी आणून त्या बाईच्या हातात ठेवली. साडी अजून कोमट होती.

“आणखी काही?” तिने विचारलं.

“एवढी एकच पुरे.” बोहारणीने गाठोडं सोडलं. शर्ट, टॉवेल, गंजी, पँट, सगळं घडी घालून दिलं. जिन्यात आता कुणी नव्हतं. भांड्यांना तिने हात लावला नाही.

“पिंप ठेव,” ती जाता जाता म्हणाली. “लागेल.”

त्या संध्याकाळी दाराबाहेर कुणीतरी दोनदा खाकरलं आणि कुलपात किल्ली फिरली. जयवंत आत आला तो आमटीचा वास घेतच. “भूक लागलीय गं मरणाची! आणि हे काय, माझा शर्ट? परत आणलास?” विनिता त्याच्या छातीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. तेल, घाम, तंबाखू. “अगं, झालं काय?” तो विचारत राहिला.

६

बारा दिवस बरे गेले. तेराव्या दिवशी मार्थाने पाटी उतरवली.

“काल पाचूबंदरला कशाला गेलतीस? हिरवी साडी नेसून? मी हाक मारली तर तू बगितलंच नाय.”

विनिताने भाजी घेतली. मार्थाने सांगितला तो भाव दिला. मार्था तिच्याकडे बघतच राहिली.

विनिताने एका रात्री जयवंतला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. तिचा हात हातात घेऊन म्हणाला, “वेडी आहेस का? नऊ वर्षं झाली. मी ओळखणार नाही होय तुला?”

त्या वाक्यावर तिने दिवस काढले. हिरव्या साडीचा गासचा फाटा झाला. गेट झालं. रिटाने हल्ली तिच्याशी बोलणं कमी केलं होतं. विनिता समोरून गेली तरी कधी कधी ती रिटाला दिसतच नाही, असं वाटायचं. आमटीत मीठ पडलं की नाही, हे विनिताला कळेनासं झालं. जयवंतला विचारावं लागायचं.

रविवार होता, सकाळचे अकरा. जयवंत बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. विनिता स्वयंपाकघरात बोंबलांना पीठ लावत होती. बेल वाजली. तिच्या हातातला बोंबील ताटात पडला.

“अहो, उघडू नका!” ती ओरडली. म्हणजे ओरडली असं तिला वाटलं.

कडी सरकली.

“अरेच्चा!” जयवंत हसत म्हणाला. “अगं, तू खाली कधी गेलीस? ये ना आत, उभी काय राहिलीस?”

बांगड्यांचा आवाज झाला. तिच्याच बांगड्यांचा. मग तिच्याच आवाजात, थोडं दमल्यासारखं, कुणीतरी म्हणालं, “आधी पाणी द्या हो.”

जयवंत स्वयंपाकघरात आला. वाटेतलं स्टूल चुकवावं तसा तो विनिताला वळसा घालून पिंपापाशी गेला, पेला भरला आणि बाहेर नेऊन दिला. परत आला, दुसरा भरला. परत आला.

“अहो,” विनिता म्हणाली.

त्याने तोटी बंद केली. कान देऊन क्षणभर थांबला. कपाळाला आठी पडली, काहीतरी आठवत असावं तशी. पिठाने भरलेले दोन्ही हात पुढे करून ती त्याच्या समोर, वीतभर अंतरावर उभी होती.

“काय गं?” त्याने विचारलं. बाहेरच्या खोलीकडे तोंड करून.